अर्धपोटी आग

आजीची शेगडी जुन्या बादलीतून केलेली होती. खालच्या बाजूला हात जाईल एवढी खिडकी, मधे सळ्यांची जाळी, आतून मातीचा जाड लेप. दिवेलागणीला ती अंगणात नेऊन पेटवायची आणि धूर निवळला की फडक्यांनी धरून आत आणायची. लोणारी कोळसा नीट फुलला, वरचे काळे तुकडेही लाल व्हायला लागले, की निखाऱ्यांच्या माथ्यावर बोटभर उंचीच्या निळ्या ज्योती फिरायला लागत. चुलीतल्या जाळासारख्या पिवळ्या, धुरकट नव्हेत. निळ्या, आणि इतक्या पातळ की दिवा मालवल्याशिवाय धड दिसत नसत. निरखून पाहिलं तर त्या कोळशाला चिकटलेल्याही नसत. फटीतून वर येत, अधांतरी लवलवत, विझत, दुसऱ्याच फटीतून पुन्हा उगवत. कोळसा एकीकडे आणि जाळ दुसरीकडे, हे कसं, असं मी विचारलं तेव्हा आजी म्हणाली, "तू दुधाकडे बघ, उतू जाईल."

उत्तर मिळायला पुढे बरीच वर्षं गेली. ती निळी ज्योत कोळशाची नव्हतीच. ती एका वायूची होती, आणि तो वायू त्याच शेगडीत, ज्योतीच्या चार बोटं खाली, त्याच क्षणी तयार होत होता.

काय होतं ते बघा. खालच्या खिडकीतून हवा आत शिरते. तळाच्या निखाऱ्यांना ती भरपूर मिळते. तिथे कोळसा पोटभर जळतो, म्हणजे कार्बनचा एक अणू ऑक्सिजनचे दोन अणू घेतो आणि कार्बन डायॉक्साइड होतो. हा गरम वायू वर चढू लागतो. वाटेत त्याला आणखी लालबुंद कोळसा भेटतो, पण तोवर हवेतला ऑक्सिजन संपलेला असतो. मधल्या थरातला हा कोळसा भुकेला आहे. तो वर येणाऱ्या कार्बन डायॉक्साइडच्या पानातलाच एक ऑक्सिजन ओढून घेतो. झालं, दोघांच्याही वाट्याला एकेक ऑक्सिजन आला. एका कार्बन डायॉक्साइडच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचे दोन रेणू झाले. हे दोघेही अर्धपोटी. ते तसेच वर येतात, शेगडीच्या तोंडाशी त्यांना ताजी हवा भेटते आणि राहिलेलं जेवण ते तिथे उरकतात. ती निळी ज्योत म्हणजे हे दुसरं जेवण.

खोली बंद करून शेगडी पेटती ठेवली की माणसं झोपेतच दगावतात, तीही याच अर्धपोटी वायूमुळे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. वायूची भूक भागलेली नसते, ती तो आपल्या रक्तावर भागवतो.

आता या शेगडीला वरून घट्ट झाकण लावा. ताज्या हवेची वाट बंद. निळी ज्योत विझेल, पण खाली वायू बनतच राहील. झाकणाला नळी जोडून तो बाहेर काढा, थंड करा, धुऊन घ्या आणि हवा तिथे, हवा तेव्हा जाळा. कोळशाचं गॅसिफिकेशन म्हणतात ते एवढंच. जगभरच्या कंपन्यांनी अब्जावधी डॉलर ओतून जी अवाढव्य यंत्रं उभी केली, त्यांच्या पोटात शेवटी झाकण लावलेली शेगडीच आहे. कोळसा पूर्ण जाळायला जितका ऑक्सिजन लागेल त्याच्या पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढाच आत सोडायचा. आग पेटती राहील एवढं द्यायचं, तिचं पोट भरेल एवढं द्यायचं नाही.

'गॅस' हा शब्दसुद्धा कोळशाच्याच हिशेबातून आला, हे मला फार उशिरा कळलं. सतराव्या शतकात ब्रसेल्सजवळ यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट नावाचा वैद्य आणि किमयागार होता. त्यानं बासष्ट पौंड लोणारी कोळसा जाळला आणि मागे राख उरली एक पौंड. बाकीचे एकसष्ट पौंड गेले कुठे? डोळ्यांना न दिसणाऱ्या, भांड्यात कोंडून न राहणाऱ्या कशात तरी त्यांचं रूपांतर झालं, असं त्यानं ताडलं आणि त्या कशाला तरी ग्रीक 'केऑस'वरून, म्हणजे आदिम गोंधळावरून, 'गॅस' असं नाव दिलं. आज स्वयंपाकघरात आपण 'गॅस संपला' म्हणतो तेव्हा त्याच माणसाचा शब्द वापरत असतो.

झाकण लावलेल्या शेगडीत आणखी एक करामत करता येते, आणि ती मला सगळ्यात विलक्षण वाटते. आत पाणी घालायचं. आगीवर पाणी ओतलं की आग विझते, हे आपल्याला बोलायला लागण्याआधीपासून ठाऊक असतं. पण कोळसा हजारभर अंशांवर तापलेला असेल आणि त्यातून पाण्याची वाफ सोडली तर तो भुकेला कार्बन पाण्यातलाही ऑक्सिजन ओढून घेतो. पाण्याचा रेणू म्हणजे दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. ऑक्सिजन गेल्यावर उरतो नुसता हायड्रोजन, जो स्वतःच उत्तम जळतो. आगीचा वैरी असलेलं पाणी सरपण होऊन बाहेर पडतं! हे कुणालाही फुकट मिळत नाही, हेही सांगायला हवं. पाणी फोडायला उष्णता लागते, ती निखाऱ्यांमधूनच जाते आणि ते काळवंडू लागतात. म्हणून एकीकडे थोडा ऑक्सिजन देऊन आग फुलवायची आणि दुसरीकडे वाफ देऊन ती उष्णता वायूत साठवायची, असा तोल सांभाळावा लागतो. तो जमला की कोळशातल्या उष्णतेचा साधारण तीन चतुर्थांश वाटा बाहेर पडणाऱ्या वायूत जसाच्या तसा हाती येतो. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनच्या या मिश्रणाला आता सगळीकडे सिनगॅस म्हणतात.

कोळशापासून गॅस काढण्याची युक्ती नवी नाही. १७९२ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या रेडरुथ गावी विल्यम मर्डॉक या अभियंत्यानं दगडी कोळसा लोखंडी भांड्यात बंद करून तापवला, निघालेला वायू नळीनं फिरवला आणि आपलं घर उजळलं. ते वायूकरण अर्धंच होतं. कोळसा भाजून त्यातला उडून जाणारा भाग तेवढा काढायचा, बाकीचा कोक म्हणून मागे ठेवायचा. पण पन्नास-साठ वर्षांत जगातल्या मोठ्या शहरांचे रस्ते या गॅसवर उजळले. मुंबईही त्यात होती. १८६० च्या दशकात इथे बॉम्बे गॅस कंपनी आली आणि रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. पहिल्या संध्याकाळी दिवे लावणाऱ्यांच्या मागे बघ्यांची गर्दी एका दिव्याकडून दुसऱ्याकडे चालत गेल्याच्या आठवणी सांगतात. लालबागला 'गॅस कंपनी' हे ठिकाणाचं नाव अजून जुन्या माणसांच्या तोंडी आहे. तिथे गॅस कसला, असं विचारलं तर मात्र आजची मुलं सिलिंडरचं गोदाम शोधतील. तो गॅस कोळशाचा होता.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं तेव्हाची एक गोष्ट आजोबांच्या पिढीतले लोक हसत हसत सांगायचे. मोटारींना मागच्या बाजूला उभं पिंप जोडलेलं असायचं. त्यात लोणारी कोळसा भरायचा, पेटवायचा, पंखा फिरवायचा, आणि गॅस धरला की गाडी निघायची. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. ड्रायव्हर उतरून मधेच पिंप खडखडवायचा, कारण राख अडकायची. या खडखडण्याकडे लक्ष असू द्या. पुढे भारतातल्या गॅसिफिकेशनची सगळी रडकथा याच राखेची आहे.

पण एवढा उपद्व्याप करून कोळशाचा गॅस करायचा आणि मग तो जाळून वीज करायची, यात मिळवलं काय? कोळसा सरळ बॉयलरमध्ये घालून का जाळू नये?

मिळवलं ते स्वच्छतेत. आपल्या नेहमीच्या औष्णिक वीजकेंद्रात कोळशाची पूड करून ती हवेच्या झोतात जाळतात. हवेचा चार पंचमांश भाग नायट्रोजन. त्याचं आगीत काहीच काम नसतं, तो लग्नात जेवायला आलेल्या आगंतुकासारखा आत येतो आणि तापून बाहेर जातो. त्यामुळे धुरांड्यातून धुराचा जो प्रचंड लोंढा निघतो, त्यात गंधकाचे, नायट्रोजनचे ऑक्साइड, पारा वगैरे घातक ऐवज अगदी विरळ मिसळलेला असतो. कार्बन डायॉक्साइडसुद्धा बारा ते पंधरा टक्केच. एवढ्या लोंढ्यातून तो गाळून काढायचा म्हणजे विहिरीत सांडलेलं तेल वाटीनं उपसण्यासारखं आहे. गॅसिफायरमध्ये बहुतेक ठिकाणी हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन घालतात, तोही तीस-चाळीस पट वातावरणाच्या दाबाखाली. नायट्रोजन आतच येत नाही, वायू कमी होतो आणि जो होतो तो दाबलेला असतो. धुराच्या लोंढ्याच्या तुलनेत साफ करायचा वायू शंभराव्या हिश्श्याच्या आसपास उरतो, कधी त्याहूनही कमी. घाण दाट असते तेव्हाच ती धरायला सोपी.

एक खरं यंत्र जवळून पाहू. अमेरिकेत फ्लोरिडात टॅम्पाजवळ पोक नावाचं वीजकेंद्र आहे, फॉस्फेटच्या जुन्या खाणींच्या जमिनीवर बांधलेलं. तिथला गॅसिफिकेशनचा संच १९९६ मध्ये सुरू झाला, क्षमता २५० मेगावॉट. कोळसा पाण्यात दळून त्याचं दाट काळं कालवण करायचं आणि ते पंपानं भट्टीच्या माथ्यावरून आत फवारायचं. शेजारी हवा थंड करून ऑक्सिजन वेगळा काढण्याचा कारखाना. ऑक्सिजन उणे १८३ अंशांना द्रवरूप होतो, म्हणजे तिथे तेवढी थंडी धरलेली असे, आणि थोड्या अंतरावर भट्टीच्या आत चौदाशे अंशांच्या आसपास उष्णता. एका कुंपणाच्या आत शनीच्या टायटन चंद्राची थंडी आणि लाव्हारसाहून जास्त धग! कोळशाचा कण भट्टीत काही सेकंदच राहतो. त्या सेकंदांत तो सुकतो, त्यातले उडणारे घटक उडतात, उरलेला कार्बन वायू होतो आणि राख वितळून काचरसासारखी भिंतीवरून खाली ओघळते. तळाशी पाणी असतं. त्यात पडताच ती तडकून तिचे काळे, चमकदार खडे होतात. भुरभुर उडणारी, डोळ्यांत जाणारी राख काचेत कोंडली गेली, आता ती वाऱ्यानं कुठे जायची नाही.

गंधकाची तऱ्हा तर आणखी गंमतीची. बॉयलरमध्ये गंधक जळून सल्फर डायॉक्साइड होतो, आम्लाच्या पावसाचा बाप. अर्धपोटी आगीत मात्र त्याला ऑक्सिजन मिळतच नाही, कारण कार्बन आधीच सगळा पळवून बसलेला असतो. मग गंधक हायड्रोजनशी जमवून घेतो आणि हायड्रोजन सल्फाइड होतो. कुजक्या अंड्याच्या वासाचा, विषारी, पण विशिष्ट द्रावणांत सहज विरघळणारा. त्या द्रावणांतून तो परत काढला की त्याचं एक तर पिवळंधमक शुद्ध गंधक होतं, नाही तर गंधकाम्ल. पोकमध्ये गंधकाम्ल करत आणि ते शेजारच्या खतकारखान्यांना विकत. जो ऐवज धुरांड्यातून शेतांवर आम्ल होऊन पडला असता, तोच पोत्यांत भरून शेतात जाई. रसायनशास्त्रात इतका छान काव्यात्मक न्याय सहसा बघायला मिळत नाही.

पाऱ्याचंही तसंच. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या किंग्जपोर्टला ईस्टमनचा कारखाना १९८३ पासून कोळशाच्या गॅसमधून रसायनं करतो. तिथे गॅस गंधक लावलेल्या सक्रिय कोळशाच्या थरातून नेतात आणि पारा त्यात अडकतो. या कारखान्याचा मालक तेव्हा ईस्टमन कोडॅक, फोटोच्या फिल्मवाला. फिल्मचा पारदर्शक पट्टा ज्या सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा असे, त्याला लागणारं अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड या कोळशातून निघे. आपल्या आल्बममधल्या एखाद्या लग्नाच्या फोटोच्या मुळाशी अमेरिकेतला कोळसा असू शकेल, हे तो फोटो काढणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

स्वच्छ झालेला गॅस मग टर्बाइनमध्ये जाळतात. इथे दुसरा फायदा. कोळसा सरळ गॅस टर्बाइनमध्ये घालता येत नाही, राख पात्यांना पॉलिश पेपरसारखी घासून खाईल. गॅस घालता येतो. टर्बाइन फिरवून बाहेर पडलेली झळ इतकी तापलेली असते की तिच्यावर पाणी उकळून वाफेचं दुसरं टर्बाइन चालवतात. रसवंतीवाला चिपाड घडी घालून पुन्हा चरकातून काढतो, तसं. साध्या जुन्या औष्णिक केंद्रात कोळशातल्या ऊर्जेचा पस्तीस टक्क्यांच्या आसपास भाग विजेत उतरतो. या जोड पद्धतीत चाळीस टक्क्यांच्या पुढे जाता येतं. नेदरलँड्समधल्या ब्युगेनम इथल्या केंद्रानं आणि जपानमध्ये नाकोसोच्या प्रायोगिक संचानं त्रेचाळीसच्या जवळ मजल मारून दाखवली.

इथवर वाचून कुणालाही वाटेल, मग अडलंय कुठे? सगळीकडे हेच का नाही?

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात केम्पर काउंटीमध्ये हे सगळं एकत्र करून दाखवायचं ठरलं होतं. स्थानिक ओलसर लिग्नाइट, ५८२ मेगावॉट वीज आणि कार्बन डायॉक्साइडचा सुमारे पासष्ट टक्के भाग हवेत जाण्याआधीच पकडायचा. खर्चाचा अंदाज तीन अब्ज डॉलरच्या आत होता. बांधता बांधता तो साडेसात अब्जांवर गेला. तोवर शेल खडकांतला नैसर्गिक वायू अमेरिकेत स्वस्त झाला होता. २०१७ मध्ये गॅसिफायरचं काम थांबवलं आणि केंद्र विकतच्या नैसर्गिक वायूवर चालू ठेवलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये गॅसिफायरचा तो सगळा सांगाडा सुरुंग लावून पाडला. ब्युगेनम २०१३ मध्येच बंद झालं होतं. इंडियानातलं एडवर्ड्सपोर्टचं ६१८ मेगावॉटचं केंद्र त्याच वर्षी सुरू झालं, पण साडेतीन अब्ज डॉलरच्या घरात जाऊन. जपाननं नेट लावून फुकुशिमा प्रांतात सुमारे ५४० मेगावॉटचे दोन संच २०२१ मध्ये चालू केले. जपानी चिकाटीला दाद द्यावी, पण या रांगेत पुढे फारसं कुणी उभं राहिलं नाही.

मला यात रसायनाची चूक दिसत नाही. शेगडी एकटी असते तेव्हा तिची तब्येत सांभाळता येते. गॅसिफिकेशनच्या वीजकेंद्रात शेगडी, हवा गोठवणारा कारखाना, गंधकाचा कारखाना, गॅस टर्बाइन आणि वाफेचं टर्बाइन एका दोरीला बांधलेले असतात. एक अडखळला की सगळे थांबतात. वीजकेंद्र चालवणाऱ्याला रात्री दोनला मागणी आली की वीज लागते, आणि हा सगळा काफिला रसायनांच्या कारखान्यासारखा संथ, एकाच चालीनं चालायला आवडणारा. चीननं हे नेमकं ओळखलं. जगातले सर्वाधिक गॅसिफायर आज तिथे आहेत, पण त्यांचा मुख्य धंदा विजेचा नाही. मिथेनॉल, अमोनिया, प्लास्टिकचा कच्चा माल, आणि निंग्शियात तर वर्षाला चाळीस लाख टन डिझेल-पेट्रोलसारखं तेल.

कोळशाचं तेल करण्याची वाट १९२५ मध्ये जर्मनीतल्या म्यूलहाइमला फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी शोधली. सिनगॅस लोखंडासारख्या उत्प्रेरकावरून नेला की कार्बनच्या साखळ्या एकेक मणी ओवत लांब होत जातात आणि मेण, डिझेल, पेट्रोल बनतं. तेल नसलेल्या दक्षिण आफ्रिकेनं ही विद्या १९५५ पासून सासोलबर्गला आणि पुढे सेकुंडाला इतकी वाढवली की देशाच्या गाड्यांचा मोठा हिस्सा कोळशावर धावू लागला. तेच सेकुंडा आज जगात एकाच ठिकाणाहून सर्वाधिक कार्बन डायॉक्साइड सोडणाऱ्या जागांत गणलं जातं. स्वच्छ कोळसा हा शब्द कानावर आला की मला सेकुंडा आठवतं. गंधक, राख, पारा यांच्या बाबतीत गॅसिफिकेशन खरोखरच स्वच्छ आहे. कार्बनच्या बाबतीत ते फक्त सोय करून देतं. वाफेशी आणखी एक फेरी घडवली की कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायॉक्साइड होतो, बरोबर जास्तीचा हायड्रोजन मिळतो, आणि दाबाखालचा दाट कार्बन डायॉक्साइड वेगळा काढणं सोपं जातं. तो काढून पुढे पुरायचा की धुरांड्यातून सोडून द्यायचा, हे यंत्र ठरवत नाही. नॉर्थ डकोटातल्या ब्यूला गावचा कारखाना १९८४ पासून लिग्नाइटचा गॅस करतो आणि २००० पासून त्यातला कार्बन डायॉक्साइड तीनशेहून अधिक किलोमीटरच्या नळानं कॅनडातल्या वेबर्नला पाठवतो, तिथे तो जमिनीखाली ढकलतात. ढकलतात कशासाठी? जुन्या विहिरीतलं उरलंसुरलं तेल वर यावं म्हणून. आता बोला!

आणि आपण? आपला कोळसा मुळातच वेगळा. युरोप-अमेरिकेतला बराचसा कोळसा जिथे झाडं पडली तिथेच दलदलीत साठून झाला. आपला गोंडवनी कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांचा, आणि नद्यांनी वाहून आणलेल्या पालापाचोळ्याबरोबर गाळही त्यात येऊन बसला, असं भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. तो गाळ आता कोळशाच्या कणाकणात मुरलेला आहे, धुऊन पुरता निघत नाही. गोंडवन हे नाव आपल्या शेजारचंच. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी, आणि दक्षिण गोलार्धातल्या त्या प्राचीन महाखंडाला गोंडवनाचं नाव मिळालं ते याच प्रदेशावरून. आपल्या कोळशात तीस ते पंचेचाळीस टक्के राख असते. एक युनिट विजेला साधारण सातशे ग्रॅम कोळसा लागतो असं धरलं, तर एका युनिटमागे पाव किलो राख. तासभर एसी लावला की चंद्रपुरात कुठेतरी पाव किलो राख पडते. तिथल्या २९२० मेगावॉटच्या केंद्राला या दरानं गुणून पाहा आणि मग गावातल्या बाया वाळत घातलेले कपडे झटकून का घेतात ते कळेल.

ही राख फ्लोरिडासारखी वितळवून काच करायची म्हटलं तर निम्मी धग दगड वितळवण्यातच जाईल की काय अशी गत. शिवाय आपली राख चिवट, चौदाशे-पंधराशे अंशांशिवाय पाघळत नाही. म्हणून इथल्या संशोधकांनी दुसरी वाट धरली. हजार अंशांच्या आसपासच थांबायचं, राख वितळू द्यायची नाही, आणि खालून वाफ-हवेचा असा झोत द्यायचा की कोळशाचे कण फुटाण्याच्या कढईतल्या वाळूसारखे उसळत राहतील. कोळशाच्या गॅसवर चालणारा ६.२ मेगावॉटचा संच भेल या सरकारी कंपनीनं तिरुचिरापल्लीला १९८० च्या दशकातच उभा करून पाहिला होता. जगात कॅलिफोर्नियातल्या कूल वॉटर या वाळवंटी गॅसिफिकेशन केंद्राचं कौतुक चाललं होतं त्याच सुमाराला, आपणही कोपऱ्यात आपली शेगडी पेटवून बसलो होतो. त्याआधी तालचेर आणि रामगुंडमला कोळशातून युरिया करण्याचे कारखाने १९८० मध्ये सुरू झाले. ते चालले नाहीत आणि शतक संपता संपता बंद पडले.

आता पुन्हा वारं फिरलंय. ओडिशात अंगुलला कोळशाच्या गॅसवर लोखंड करतात. जामनगरला रिफायनरीचा पेटकोक गॅस होतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला प्रकल्पाची घोषणा झाली आहे. २०३० पर्यंत वर्षाला दहा कोटी टन कोळशाचा गॅस करायचा, असं देशाचं उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ८,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. झारखंडात तर कोळसा खणून न काढता जमिनीच्या पोटातच पेटवून गॅस वर आणायचा प्रयोग चालू आहे. ती कल्पना १८६८ मध्ये विल्यम सीमेन्सनं मांडली होती, मेंडेलीव्हला तिनं भुरळ घातली होती, आणि उझबेकिस्तानातल्या अंग्रेनला ती १९६१ पासून खरी होऊन बसली आहे. आपली पाळी त्यांच्यानंतर.

या सगळ्या कोटींच्या आकड्यांत मला सर्वांत भावलं ते हैदराबादचं यंत्र. भेलनं तिथे आपल्याच राखट कोळशापासून मिथेनॉल करणारा छोटा संच उभारला आणि २०२१ मध्ये तो चालवून दाखवला. दिवसाला १.२ टन कोळसा पचवणारी उसळती भट्टी, तिच्यातून दिवसाला पाव टन मिथेनॉल, शुद्धता नव्व्याण्णव टक्क्यांच्या आसपास. पाव टन म्हणजे तीनशेवर लिटर, निळं प्लास्टिकचं पिंप दीड भरेल एवढं. कोळशात राख चाळीस टक्के धरली तर त्याच दिवशी तिथून जवळजवळ अर्धा टन राख निघत असणार. मिथेनॉलच्या दुप्पट. ती काढायला भट्टीच्या तळाशी वेगळी वाट केलेली असते, आणि पाळीवरच्या माणसाचं लक्ष सारखं त्या वाटेकडे, की अडकत तर नाही ना.